सात मिलिमीटरची आठ चाकं: सांगली, कुपवाड, मिरज

मॉडेल आगगाडीच्या एका डब्याच्या आठ चाकांसाठी चार फेऱ्या, पावणेदोन महिने आणि सोळाशे रुपये पाण्यात. पुढे जाणाऱ्याचं असं होऊ नये म्हणून लिहितेय. लेथ म्हणजे काय आणि व्हर्नियर कसा वाचायचा, हे तुम्हाला येतं असं धरून चालले आहे.

डबा बार्शी लाइट या जुन्या छोट्या रेल्वेचा. 2 फूट 6 इंची रुळांवरची ही गाडी 1927 साली मिरजेपर्यंत आली. माझे आजोबा कवठे महांकाळहून मिरजेच्या बाजाराला याच गाडीने यायचे. ती लाइन ब्रॉडगेज झाली, जुने डबे गेले, म्हणून मालडबा मी स्वतःच करायला घेतला, 1:87 प्रमाणात. 762 मिलिमीटरचा गेज, म्हणजे दोन रुळांतलं ते 2 फूट 6 इंच अंतर, त्या प्रमाणात पावणेनऊच्या आसपास येतो, त्यामुळे बाजारात मिळणारे 9 मिलिमीटरचे रूळ चालून जातात. सांगाडा, दारं, छत, रिव्हेट सगळं घरी झालं. अडलं ते चाकांपाशी. दोन बोगी (डब्याखालच्या चाकांच्या चौकटी), चार आस, आठ चाकं. 24 इंची चाक या प्रमाणात बरोबर 7 मिलिमीटरचं होतं.

परदेशातून मागवायचं तर टपाल आणि कस्टम मिळून खर्च चाकांच्या वर जात होता. गणपती पेठेतली सेलवरची आगगाडी फोडून बघितली. चाकं प्लॅस्टिकची, चाकाला रुळावर धरून ठेवणारी कड दोन मिलिमीटर उंच, आणि त्यातली निम्मी वाकडी. त्या वाटेला जाऊ नका.

मग ज्याला विचारावं तो म्हणे, "कुपवाडला जा, एमआयडीसीत काय मिळत नाही?" गेले. एप्रिलची दुपार, वडापच्या जीपनं नाक्यावर सोडलं आणि तिथून पुढे पायी. सहा शेडमध्ये विचारलं. सहाही ठिकाणी पहिला प्रश्न एकच, "किती हजार करायचेत?" आठ म्हटल्यावर माणसं हसत नाहीत, नुसती परत मशीनकडे वळतात. त्यांचं बरोबरच आहे. सीएनसीला (संगणकावर चालणाऱ्या मशीनला) प्रोग्रॅम आणि सेटिंग करायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात त्यांचे शंभर जॉब निघतात. पण हे आधी कुणी सांगितलं असतं तर उन्हातली चार तासांची पायपीट वाचली असती.

सातव्या शेडमध्ये साधा लेथ होता. मालक म्हणाले, "ताई, एका चाकाला दोनशे. पैसे आधी." ड्रॉइंग दिलं, सोळाशे मोजले. पाच दिवसांचे अठरा दिवस झाले. चाकं मिळाली तेव्हा दिसायला सुरेख होती, पितळ लखलखत होतं. घरी आसावर चढवून बोटानं फिरवली आणि पोटात गोळा आला. प्रत्येक चाक डुलत होतं.

काय झालं होतं ते नंतर कळलं. त्यांनी तीन जबड्यांच्या चकात बार धरून बाहेरचा आकार काढला, चाक कापलं, मग उलटं करून पुन्हा चकात धरलं आणि तेव्हा भोक पाडलं. दुसऱ्यांदा धरताना मध्य सरकतोच. पुढे डुलणं मोजणारा डायल लावल्यावर त्याचा काटा 0.3 मिलिमीटर फिरला. ट्रॅक्टरच्या पुलीला हे चालून जाईल. इथे अख्खी कडच जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. रूळ जिथे फुटतात त्या सांध्याच्या काट्यावर आलं की चाक वर चढतं आणि डबा आडवा.

दुसरी चूक याहून मोठी, आणि ती माझ्या ड्रॉइंगमध्ये होती. दोन रुळांत 12 व्होल्ट असतात, एक धन, एक ऋण. पितळी चाक, पोलादी आस, पितळी चाक असं सलग जोडलं की थेट शॉर्ट. रुळावर ठेवताक्षणी कंट्रोलर बंद पडला. प्रत्येक आसावरचं एक चाक तरी असं हवं की आसातून त्याच्यात वीज जाणार नाही, हे मी कागदावर लिहिलंच नव्हतं. तुम्ही ठळक लिहा. टर्नरला ते माहीत असण्याचं कारण नाही.

पैसे परत मागायला गेले. "ड्रॉइंगप्रमाणे माप आहे का नाही?" एवढंच उत्तर. माप होतं. मापासाठी पैसे दिले होते, मध्यासाठी कागदावर एक ओळ नव्हती. तरीही डुलणारं चाक गिऱ्हाइकाच्या हातात देणं मला पटत नाही, आजही नाही. त्या शेडकडे परत जाणार नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरची फेरी ठीक झाली, पितळी बार मिळाला. 10 मिलिमीटरचा घ्या, कडेचा बाहेरचा व्यास 8 येतो. मीटरभर बार 670 ग्रॅमच्या आसपास भरतो, तुम्हाला दहा सेंटिमीटर पुरतो. तुकडा मागा, मिळतो.

काम झालं मिरजेत. हे गाव दवाखान्यांचं. दवाखान्यांची बारीक उपकरणं दुरुस्त करणारी माणसं इथे आहेत आणि त्यांच्याकडे कॉलेटचा (बार चहूबाजूंनी सारखा आवळणाऱ्या पकडीचा) छोटा लेथ असतो. असे एक काका सापडले. चाक हातात घेऊन त्यांनी आधी विचारलं, "चालणार कशावर?" मी खिशातून रुळाचा तुकडा काढून दिला. त्यांनी तो टेबलावर ठेवला, भिंग लावलं आणि दोन मिनिटं काही बोललेच नाहीत.

त्यांची पद्धत अशी: बार कॉलेटमध्ये एकदाच धरायचा. भोक, ते नेमकं करणारा रीमर, चाकाचा उतार, कड हे सगळं त्याच पकडीत, आणि सगळ्यात शेवटी कापायचं. उतार आणि कड मिळून एकच फॉर्म टूल (त्याच आकाराची धार असलेलं हत्यार) त्यांनी एचएसएसच्या, म्हणजे हायस्पीड पोलादाच्या, तुकड्यातून घासलं, त्यामुळे आठही चाकं सारखी निघाली. आसाला सायकलच्या स्पोकची 2 मिलिमीटरची तार, टोकं निमुळती करून. चारही आसांवर एका चाकाच्या पोटात डेलरिनचं, म्हणजे वीज न वाहणाऱ्या प्लॅस्टिकचं, बुश (छोटी नळी). चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर साडेसात मिलिमीटर ठेवायला पत्र्याचा एक ठोकळा केला, तोच मला देऊनही टाकला. पैसे सेटिंगचे घेतले, नगाचे नाही: नऊशे, टूलसकट. म्हणून आठ नको, एकदम चोवीस करून घ्या. जास्तीच्या सोळा चाकांना फक्त बार आणि तासभर वेळ लागतो. मी थकलेली होते, आठच म्हणाले, आणि आता ब्रेकव्हॅनसाठी (गार्डच्या डब्यासाठी) पुन्हा जायचंय.

जाताना सोबत रुळाचा तुकडा, बोगीची चौकट आणि आत बुश दाखवणारा छेद न्या. शेडमध्ये पाऊल टाकलं की चकाकडे बघा. नुसता तीन जबड्यांचा असेल आणि दुसऱ्या पकडीत भोक पाडतो म्हणाले, तर नमस्कार करून बाहेर पडा.

काल रात्री डबा रुळावर ठेवला. पाटाखाली एक वही सरकवली, बस तेवढाच उतार. हात न लावता डबा निघाला, सांधा ओलांडला आणि भिंतीपर्यंत गेला. आईला उठवून दाखवला.

काकांकडे सकाळी अकराच्या आत जा. नंतर दवाखान्यांची कामं येतात आणि मग दुपारी तीनपर्यंत बाकावर बसावं लागतं.