संशयी संताची टेकडी

सह्याद्रीत असती तर या टेकडीला कुणी वेगळं नावही दिलं नसतं. उंची जेमतेम तीनशे फूट. राजगड-तोरण्याला जाणारी मंडळी एवढं अंतर गप्पांच्या नादातच पार करतात. पण चेन्नई इतकं सपाट आहे की तिथे तीनशे फूट हाच पर्वत. इंग्रजांनी नावही तसंच ठेवलं, सेंट थॉमस माउंट. तमिळ माणूस परंगीमलै म्हणतो. मीही वर्ध्याकडचा, म्हणजे सपाटीचाच, त्यामुळे मला तीनशे फुटांचा आदर आहे.

वरपर्यंत गाडीरस्ता आहे. रिक्षावाल्याने तो आग्रहाने सुचवला आणि मी नको म्हटल्यावर जरा दयेने पाहिलं. पण देव टेकडीवर असला की पायऱ्यांनी जायचं, हे आमच्या घरचं वळण. उत्तरेच्या पायथ्याशी चार कमानींचं प्रवेशद्वार आहे, माथ्यावर क्रूस, त्यावर १५४७ हे साल. तिथून दीडेकशे पायऱ्या सुरू होतात. त्या बांधून दिल्या पेत्रुस उस्कान नावाच्या आर्मेनियन व्यापाऱ्याने, अठराव्या शतकात. अड्यार नदीवर सैदापेटजवळ पूल बांधणारा तोच. कुठला आर्मेनिया आणि कुठलं मद्रास! पण व्यापारात कमावलेला पैसा पायऱ्यांत घालावा, हे त्याला आपल्याकडच्या कुठल्याही शेठजीइतकंच सहज सुचलं असणार. देवळाच्या पायऱ्यांवर कोरलेली दात्यांची नावं आपण लहानपणापासून तुडवत आलोय. मला हे दान फार आवडतं. कळस बांधणाऱ्याकडे लोक मान वर करून पाहतात, पायरी बांधणाऱ्याचे आभार फक्त म्हाताऱ्यांचे गुडघे मानतात.

वाटेवर येशूच्या अखेरच्या प्रवासाचे चौदा टप्पे उभारले आहेत. भाविक प्रत्येक टप्प्याशी थांबून प्रार्थना म्हणतात. माझ्या पुढे एक कुटुंब होतं. आजी दर टप्प्याला थांबायच्या, पण त्यात प्रार्थना किती आणि दम खाणं किती, हे सांगणं कठीण होतं. ज्याने कुणी टप्प्यांची ही सोय काढली, त्याला माणसाच्या फुप्फुसांची चांगलीच माहिती असावी. केसांत मोगरा आणि कपाळाला कुंकू असलेल्या दोन बायकाही चढत होत्या, मेणबत्त्यांची पुडी हातात. नवसाच्या जागी आपण सगळे एकाच धर्माचे.

थॉमस हा येशूच्या बारा शिष्यांतला, आणि खरं सांगायचं तर त्यातला मला सगळ्यांत जवळचा. येशू पुन्हा उठला असं बाकीच्यांनी सांगितलं तेव्हा हा म्हणाला, त्याच्या हातांतल्या खिळ्यांच्या खुणा पाहिल्याशिवाय, त्यात बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. आठ दिवसांनी येशूने समोर येऊन खरोखरच सांगितलं, घाल बोट. जगभर त्याची ओळख ‘संशयी थॉमस’ अशीच राहिली. आपल्या घरात असा एक काका असतोच, ज्याला पावती दाखवल्याशिवाय काही पटत नाही. परंपरा सांगते की इसवी सन ५२ मध्ये तो केरळच्या किनाऱ्यावर उतरला आणि ७२ मध्ये याच टेकडीवर भाल्याने मारला गेला. त्याची समाधी मैलापूरला, समुद्राकाठच्या सान्तोमे चर्चमध्ये आहे. तो खरंच भारतात आला होता का, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. संशयी संताच्या बाबतीत हे शोभतंच.

माथ्यावरचं चर्च लहान आहे. पोर्तुगीजांनी १५२३ मध्ये बांधलेलं, मारियामातेला वाहिलेलं. आतमध्ये मरियमेचं एक जुनं चित्र आहे. ते संत लूकने काढलं आणि थॉमसने सोबत आणलं, अशी श्रद्धा. पण खरं आकर्षण म्हणजे वेदीमागे बसवलेला दगडी क्रूस. १५४७ मध्ये इथे खोदकाम करताना तो सापडला. १८ डिसेंबर १५५८ रोजी, ऐन प्रार्थनेच्या वेळी, त्यातून रक्त पाझरलं असं म्हणतात. पुढे दीडशे वर्षांत हे अनेकदा घडलं, शेवटचं १७०४ मध्ये. त्यानंतर नाही. शेजारी उभा असलेला तरुण आपल्या लहान मुलाला ही गोष्ट सांगत असावा, कारण मुलगा दगडाकडे टक लावून पाहत होता आणि काहीच होत नसल्यामुळे चिडत होता. थॉमसला तो नक्की आवडला असता.

क्रुसाभोवती एक लेख कोरलाय, त्याची कथा मला रक्तापेक्षा रंजक वाटते. अक्षरं कुणालाच कळेनात, म्हणून पोर्तुगीजांनी एका विद्वान ब्राह्मणाला बोलावलं. त्याने तो चिमूटभर लेख पाहिला आणि त्यातून थॉमसच्या आगमनाची आणि हौतात्म्याची लांबलचक हकिगत वाचून दाखवली. विचारणाऱ्याला काय ऐकायचंय हे ओळखणारा पंडित प्रत्येक काळात असतो. एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांना कळलं की ही लिपी पहलवी, म्हणजे जुन्या इराणातली. तो क्रूस बहुधा पर्शियाशी नातं असलेल्या ख्रिस्ती लोकांनी घडवला, थॉमसनंतर कित्येक शतकांनी. अर्थाबद्दल आजही एकमत नाही. असा संशय घ्यायला तिथे कुणी आडकाठी करत नाही, हे मला बरं वाटलं. चर्चमधली ताई फक्त एवढंच म्हणाली, चप्पल बाहेर.

बाहेरच्या मोकळ्या जागेवरून सगळं शहर पायाशी दिसतं. सगळ्यांत आधी नजर जाते विमानतळाकडे. मीनांबाक्कमची धावपट्टी इतकी जवळ की उतरणाऱ्या विमानाची चाकं मोजता येतात. भाविकांची अर्धी मुलं चर्चकडे पाठ करून तेच पाहत उभी होती. त्यांच्या बाजूलाच एका इंग्रजाचा अर्धपुतळा आहे आणि त्याच्याकडे कुणीही पाहत नव्हतं. विल्यम लॅम्बटन.

या माणसाने १० एप्रिल १८०२ रोजी टेकडीच्या परिसरात भारत मोजायला सुरुवात केली. अक्षरशः मोजायला. सगळ्या देशावर त्रिकोणांचं जाळं टाकायचं, तर पहिल्या त्रिकोणाची एक बाजू अगदी बिनचूक हवी. त्यासाठी त्याने साडेसात मैलांची सरळ रेषा आखली. शंभर फुटी पोलादी साखळी, उन्हाने ती वाढते म्हणून लाकडी पेट्यांत ठेवलेली, सोबत तापमापक. अशी ती सुमारे चारशे वेळा मांडली, उचलली, पुन्हा मांडली. सत्तावन्न दिवस लागले, तेही मद्रासच्या एप्रिल-मेमध्ये. या लोकांना उन्हाळ्याची सुट्टी नावाची गोष्ट माहीतच नसावी.

त्याचं अर्ध्या टनाचं थिओडोलाइट, म्हणजे दूरवर नेम धरून कोन मोजायचं यंत्र, विलायतेहून येताना फ्रेंचांनी जहाजासकट पकडलं होतं. मॉरिशसला नेऊन पेटी उघडून पाहिली, आणि शास्त्राचं उपकरण आहे हे कळल्यावर सन्मानाने पाठवून दिलं. आजच्या कस्टममध्ये सुटलं असतं की नाही, शंका आहे. पुढे तमिळ मुलखात टेकड्या संपल्या तेव्हा लॅम्बटनने देवळांची गोपुरं वापरली. १८०८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वराच्या शिखरावर ते यंत्र चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं. तेव्हा तंजावरला आपले सरफोजीराजे भोसले गादीवर होते. लॅम्बटन स्वतःला तंबूत कोंडून घेऊन कित्येक आठवडे वाकलेलं चक्र सरळ करत बसला.

दगडात रक्त आहे का, अक्षरांत थॉमस आहे का, मैलात नेमके किती फूट आहेत. या तीनशे फुटांवर असलीच माणसं का जमली असावीत? उत्तर सोपं असेल. आजूबाजूला दुसरी टेकडीच नव्हती.

लॅम्बटन वीस वर्षं असाच उत्तरेकडे सरकत राहिला. हैदराबादहून नागपूरला जाताना २० जानेवारी १८२३ रोजी वाटेत वारला, हिंगणघाटला. कबरही तिथेच. पुढे जगातल्या सर्वांत उंच शिखराला नाव लागलं ते त्याच्या हाताखालच्या एव्हरेस्टचं. पुतळ्याशेजारी उभा राहून मी जरा ओशाळलो. चेन्नईची गाडी हिंगणघाटवरूनच जाते. त्या स्टेशनावरून मी अनेकदा गेलोय, आमचं अर्धं गोत तिथलं, आणि हा माणूस तिथे आहे हे मला कळलं ते चेन्नईला येताना गाडीत वाचत बसलो तेव्हा.

तिथूनच मावसभावाला फोन लावला. विचारलं, लॅम्बटनची कबर कुठे आहे रे तुमच्या गावात?

“कोण बे? जिनिंगवाला काय?”

मोजणीवाला, म्हटलं. सगळा हिंदुस्थान मोजणारा.

“मंग तहसीलमध्ये विचारतो,” तो म्हणाला. “ये तू, शोधून पाहू. पण एप्रिल-मेत नको येऊ बाप्पा. तेव्हा कोणी घराच्या बाहेर निघत नाही.”