बदकांची टाकी : पाणी भरण्यापेक्षा सोडणं अवघड

खाकी कॅम्पबेल बदकं आणली तेव्हा जो तो एकच विचारायचा, टाकी केवढी बांधणार? मला चिंता होती ती घाण पाण्याची. बदकं पाण्यातच विष्ठा टाकतात आणि येताना चोचीत चिखल घेऊन येतात. सकाळी भरलेलं नितळ पाणी संध्याकाळी हिरवट-काळं झालेलं असतं. ते रोज बादलीने उपसायचं म्हणजे बदकं चार दिवसांत नकोशी होणार.

तशी पोहल्यावाचून बदकांची अंडी अडत नाहीत. पण डोळे-नाकपुड्या धुण्यापुरतं, डोकं पूर्ण बुडेल एवढं पाणी त्यांना लागतंच. नाहीतर डोळे चिकटतात, नाकात खाणं अडकतं. एवढ्यासाठी खोल बादलीही चालते. पण पाण्यात उतरलेलं बदक एकदा बघावं! डुबकी मारून बाहेर येतं, शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीचं तेल चोचीने घेतं आणि एकेक पीस विंचरल्यासारखं चोपडत बसतं. ते बघून टाकी बांधायचंच ठरवलं.

आमचं आगर उताराचं. वरच्या अंगाला जागा धरली. चिऱ्याची सहा बाय चारची टाकी, आतून सिमेंट, तळाला एका कोपऱ्याकडे ढाळ आणि त्या कोपऱ्यात तीन इंची पाइप. गवंडी म्हणाला, "वहिनी, बदकांना तीन इंची कशाला? एक इंचीत काम होतंय." पिसं, पालापाचोळा, तळाचा गाळ हे सगळं एक इंचीतून जाईल कसं? मी हटले नाही. टाकीत उतरायला-चढायला चिऱ्याच्याच खडबडीत पायऱ्या केल्या, गुळगुळीत उतारावर ओले पाय घसरतात. भोवती खडी पसरली, म्हणजे चिखल होत नाही.

फूटभर पाणी धरलं तर पावणेसातशे लिटर होतं. व्हॉल्व्ह उघडला की ते पाटाने थेट माडांच्या आळ्यात जातं. आळी पाळीपाळीने बदलते, एकाच झाडाखाली रोज ओतलं तर तिथे नुसती दलदल. केळी आणि अळू यांना हे पाणी मानवतं. कोथिंबिरीला मात्र अजिबात नाही, कच्ची खायची ती. सासूबाईंना धास्ती होती डासांची. पण दर दोन-तीन दिवसांनी टाकी रिकामी होत असेल तर अळ्यांचे डास व्हायला वेळच मिळत नाही.

एप्रिलमध्ये विहीर खाली गेली की टाकी अर्धीच भरते. खाणं टाकीपासून लांब, शेजारी पिण्याच्या पाण्याची बादली. खाणं टाकीजवळ ठेवलं तर चोचीतलं सगळं पाण्यात, आणि पाणी दिवसभरातच आंबतं.

कोंबडीखाली उबवलेल्या पिल्लांना मात्र टाकीत सोडत नाही. बदकाची आई असेल तर तिच्या अंगाचं तेल पिल्लांच्या लवेला लागतं, कोंबडीकडून ते कुठून मिळणार? भिजून गारठतात बिचारी. त्यांना उन्हात, घमेल्यात दगड ठेवून बोटभर पाणी, तेही थोडा वेळ, आणि लगेच कोरडं गवत.

मोठ्यांनाही सकाळी नऊपर्यंत खुराड्यातच ठेवते. अंडी पहाटे-सकाळी घालतात. लवकर सोडली तर अंडं टाकीच्या तळाशी, आणि ते काढायचं कुणी!