हलला आणि हलवला

आज अठरावा आठवडा. रात्रीचे साडेनऊ.

उजव्या पायाचा अंगठा मी आज हलवला. 'हलला' नाही लिहीत, मुद्दाम.

हलायला पाय सातव्या आठवड्यापासूनच लागलेत. त्याआधी कमरेखाली नुसता लोळागोळा होता, गुडघ्यावर हातोडी मारली तरी काही नाही. मज्जारज्जूला मार बसला की काही काळ तो असा गप्प होतो, त्याला स्पायनल शॉक म्हणतात. मग एका रात्री डावा पाय पांघरुणासकट पोटाशी आला. आई उठली, रडली, पहाटेच ताईला फोन केला. मलाही खरंच वाटलं. सकाळी डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की हा झटका आहे, स्पॅझम. दहाव्या मणक्याच्या खालचा रज्जू आपल्याआपणच स्नायूंना आवळतो, मेंदूचा लगाम त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही. त्या वेळचा आईचा चेहरा मी विसरणार नाही. नंतर पाय उडाला की खोलीत कुणी काही बोलेनासं झालं.

आज फिजिओथेरपीच्या मॅडमनी पाय बाहेरच्या कडेवर आडवा ठेवला, म्हणजे अंगठ्याला स्वतःचं वजन उचलावं लागत नाही. "वर घे." मी श्वास कोंडला, दात आवळले, मूठसुद्धा वळली. "जबडा सोड. फक्त अंगठ्याला सांग." दोन आठवड्यांपूर्वी त्यांच्या बोटाखाली नुसती शीर ताणली होती, पाचपैकी एक गुण. आज अंगठा सावकाश मागे गेला, पूर्ण. "आता सोड." सुटला. "मी सांगेपर्यंत काही करू नकोस." आणि तो थांबला. मला रडू आलं ते या थांबण्याने. झटक्याला थांब म्हणून सांगता येत नाही. मॅडमनी तीनदा करून घेतलं, मग दोन लिहिले.

जाणिवेचं मात्र वेगळंच चाललंय. बेंबीखाली कापूस आणि टाचणी घेऊन एकेक जागा तपासतात, शेवटी गुदद्वाराशी. पहिल्या आठवड्यात मला त्या तपासणीची फार लाज वाटायची. पण तिथे स्पर्श कळला म्हणूनच माझी इजा 'अपूर्ण' ठरली, आणि सगळी आशा त्या एका शब्दावर उभी आहे. डावा पाय अशक्त, पण टाचणी टोचते ते त्याला कळतं. उजव्यात जोर येतोय, पण टोक आणि बोथट त्याला सारखंच, गार-गरमही कळत नाही. दुखणं आणि तापमान कळवणारे धागे रज्जूत शिरल्यावर पलीकडच्या बाजूला जातात, म्हणून ही उलटापालट. आंघोळीचं पाणी आधी हाताने बघायचं, हे आता अंगवळणी पडलंय.

जाणीव परत येतेय म्हटलं की लोकांना आनंद होतो. मलाही आहे. पण डाव्या नडगीला चादर लागली तरी निखारा ठेवल्यासारखी आग होते, आणि ती रात्रीच जास्त. हे सांगितलं की समोरचा गोंधळतो, म्हणून इथे लिहून ठेवते.

सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात वेगाने होते, वर्षानंतर मंदावते, असं सगळेच सांगतात. माझा पाचवा महिना चालू आहे. मी दिवस मोजते, मोजू नये हे कळत असूनही.

संध्याकाळी आईला सांगितलं तेव्हा तिने लगेच आनंद नाही केला. जवळ बसली आणि हळूच विचारलं, "हलला, की हलवलास?"

"हलवला."

मग तिने पायावरचं पांघरूण बाजूला केलं.

आता ती झोपलीय. मी परत करून बघतेय. चारदा गेला, पाचव्यांदा नाही. दमला असेल. दोन तास होत आले, कुशीवर वळवायला तिला उठवायला हवं.