दोन मुंडक्यांचं वासरू आणि ग्रहणातला विळा

देवणी तालुक्यातल्या एका वस्तीवरून फोन आला, गाय अडलीय. मी पोचलो तोवर कुणीतरी कळांचं इंजेक्शन देऊन गेला होता. वासराची ठेवण न तपासता हे इंजेक्शन ठोकणारे गावोगाव फिरतात. त्यापायी पिशवी फाटून चांगल्या गाई जातात, आणि त्यांना जाब विचारणारं कुणी नाही.

शेपटीच्या मुळाशी भूल दिली, हाताला लिक्विड पॅराफिन चोपडलं आणि हात आत घातला. पुढचे दोन पाय आणि एक नाकाड लागलं. शेजारी आणखी एक नाकाड. जुळं असावं असंच वाटतं अशा वेळी. पण दोरी लावायच्या आधी मान धरून छातीपर्यंत जायचं असतं, नाहीतर एकाचं डोकं आणि दुसऱ्याचे पाय असं ओढलं जातं. उजव्या मानेवरून बोटं मागं सरकवत खांद्यापाशी गेलो. डाव्या मानेवरून गेलो तर पुन्हा तोच खांदा. जीभ चिमटली, हालली नाही. दुसरीही नाही.

डाव्या कुशीतून सिझेरियन केलं. गोठ्यात एक बल्ब, बाकी उजेड मोबाईलचा. वासरू मेलेलंच निघालं. पिशवी दोन थरांत शिवली. गाय जगली, पुढं वारही पडली. त्या उजेडात घातलेल्या टाक्यांचा मला अभिमान आहे.

बाहेर हळदकुंकू आलं, नाणी पडली, व्हिडिओ निघाले. त्याचं मला काही नाही. पण सासूबाई सुनेकडं बोट करून म्हणाल्या, "गाईच्या आठव्यात गिराण लागलं तवा हिनं इळा धरला व्हता. म्हनून हे झालं." सून खाली मान घालून उभी.

मी तिथंच बसलो. दोन डोकी खरंच कशी होतात, ते शिकताना पाठ केलेलं आठवलं. १९२४ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या हान्स स्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड या गर्भशास्त्रज्ञांचा एक प्रयोग छापून आला. पाणसरड्याच्या (न्यूटच्या) गर्भात पेशी जिथून आत वळतात, त्या खाचेच्या वरच्या काठाचा इवलासा तुकडा हिल्डेनं दुसऱ्या गर्भाच्या पोटाच्या बाजूला बसवला. तिथं दुसरा जीव आकाराला आला. तुकडा फिकट जातीचा, गर्भ गडद जातीचा, त्यामुळं कुठली पेशी कुणाची ते दिसत होतं. नव्या जिवाचा मज्जारज्जू बहुतांश गडद पेशींचा होता. म्हणजे तुकडा स्वतः सगळं शरीर झाला नाही, शेजाऱ्यांना त्यानं कामाला लावलं. अशा तुकड्याला ऑर्गनायझर म्हणतात. त्यातून नॉगिन, कॉर्डिन अशी प्रथिनं सुटतात. ती बीएमपी नावाचा संदेश अडवतात, म्हणून कातडी होणाऱ्या पेशी मेंदूच्या वाटेला लागतात. स्पेमानना १९३५ साली नोबेल मिळालं. हिल्डे १९२४ मध्येच भाजून गेली, पंचविशीत. आमच्याकडं पशुवैद्यकीच्या पहिल्या वर्षी हे सगळं पाठ करून घेतात आणि गोठ्यात ते कुठं लागेल हे कुणी सांगत नाही.

पाणसरडा, कोंबडी, गाय, सगळ्यांत असं केंद्र असतं. ते दुभंगलं किंवा दोन झाली की दोन मेंदू, दोन तोंडं.

एवढं सगळं मी सासूबाईंना सांगितलं नाही. रेतनाची तारीख माझ्याच नोंदवहीत होती. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून म्हटलं, "मावशी, हा रेतनाचा दिवस. गाय २१ दिवसांनी परत माजावर आली नाही, तेव्हा तुम्हाला शंका आली ना? वासराचं एक डोकं का दोन, ते त्याच सुमाराला ठरलं. तुमचं गिराण त्यानंतर कितीतरी महिन्यांनी."

त्यांनी कॅलेंडर निरखून पाहिलं. मग विचारलं, "तवा काय राखायचं व्हतं मंग?"

राखण्यासारखं काहीच नव्हतं, मी सांगितलं. ना तुमच्या हातात, ना सुनेच्या, ना माझ्या. हे त्यांना पटलं नाही. विळा निदान बाजूला ठेवता येतो. मी निघालो तेव्हा सून गाईला पाणी दाखवत होती आणि सासूबाई तिच्याशी बोलत नव्हत्या. टाके काढायला जाईन तेव्हा नोंदवही पुन्हा बरोबर नेणार आहे.