ताई, आधी काय लावू?

धाकट्या भावानं नुकतीच स्पोर्ट्स बाइक घेतली, सेकंडहँड. गाडी दारात येऊन दोन दिवस होत नाहीत तोच त्याचा फोन: "ताई, पॉवर वाढवायचीय. आधी काय लावू, सायलेन्सर की फिल्टर?" म्हटलं, थांब, सविस्तर लिहिते. हाच प्रश्न घेऊन मीही एकदा कामाला लागले होते, आणि उत्तर हाती येईपर्यंत एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळलेला धूर बाहेर सोडणारी झडप, जळायच्या बेतात आली होती.

माझी गाडी कावासाकीची निन्जा ३००. दोन सिलिंडर, २९६ सीसी, कागदावर ११,००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना, ३९ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप). टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, फक्त २७ न्यूटन-मीटर, तोही १०,००० ला. २७ आणि १०,००० यांचा गुणाकार करून ७०२३ नं भागा, ३८.४ पीएस येतात. म्हणजे टॉर्क आधीच थोडका आणि सगळी ताकद फेऱ्यांमधून येते. अशा इंजिनाला वरच्या फेऱ्यांत श्वास पुरला नाही किंवा कुठं गळती झाली, की गाडी लगेच मलूल होते. मोठ्या इंजिनात हे खपून जातं, लहानात नाही.

मी सुरुवात केली ती सगळे करतात तशीच. फ्रीफ्लो, म्हणजे हवा मोकळी सोडणारा, एअर फिल्टर आणि स्लिप-ऑन, म्हणजे मूळ नळीवर सरकवून बसणारा, सायलेन्सर. आवाज भारी झाला, सायलेन्सर मूळच्यापेक्षा खूपच हलका होता, आणि पहिला आठवडा मला खात्रीच होती की गाडी पळतेय. मग चढावर ओव्हरटेक करताना कळलं. पाच-सहा हजारांवर पूर्ण थ्रॉटल दिला की गाडी क्षणभर श्वास अडकल्यासारखी थबकायची आणि मग जायची. डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, घातली तेव्हा आलेखात नेमका तिथंच खड्डा. वर, रेडलाइनच्या म्हणजे फेऱ्यांच्या कमाल मर्यादेच्या जवळ, जेमतेम काही वाढलं होतं. रोज ज्या फेऱ्यांत मी गाडी चालवते तिथली ताकद देऊन, महिन्यातून एकदा लागणारी ताकद मी घेतली होती.

याचं कारण मॅप, म्हणजे कधी किती पेट्रोल सोडायचं याचा तक्ता. पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं साधारण १४.७ पट हवा लागते, पण जास्तीत जास्त ताकद मिळते ती १३ च्या आसपास, म्हणजे पेट्रोल थोडं जास्त असताना. स्थिर वेगात ऑक्सिजन सेन्सर हे प्रमाण सांभाळतो. पूर्ण थ्रॉटलला मात्र ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, त्याचं ऐकत नाही, कंपनीनं भरून दिलेल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल सोडतो. हवा वाढली, तक्ता तोच राहिला, की मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी. इंजिन तापतं आणि मधेच अडखळतं. म्हणून फिल्टर, सायलेन्सर आणि मॅप ही तिन्ही मिळून एकच गोष्ट आहे. मॅप करून घ्यायची तयारी नसेल तर पहिल्या दोन्हींना हात लावू नको. आणि धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायचा तर विचारच नको. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीतून तो काढणं बहुतेक ठिकाणी बेकायदा आहे, आणि त्यातून येणारा धूर बाकीच्यांनी का खावा?

मॅप करून घेतला, खड्डा बराचसा भरला. तरी एक गोष्ट खटकत होती. गरम इंजिन बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा सुरू करायला गेलं की स्टार्टर लांब फिरायचा, आणि आयडलिंग डगमगायचं. सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज लावलं, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. उजवा सिलिंडर ठीक. डावा स्पष्ट कमी.

मग व्हॉल्व्ह तपासायला टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण, उघडलं. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं, हे विसरू नको. स्पार्क प्लग काढले, त्या भोकांत कापडाचे बोळे घातले, क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, पान्यानं हळूहळू फिरवली आणि व्हॉल्व्ह दाबणाऱ्या कॅमचं टोक बकेटच्या, म्हणजे व्हॉल्व्हवरच्या टोपीच्या, विरुद्ध बाजूला आलं तिथं थांबले. फट मोजायच्या फीलर गेजची पात कॅम आणि बकेटच्या मधे घालून बघितली. इनटेकच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या, चारही व्हॉल्व्ह ठीक. उजव्या सिलिंडरच्या एक्झॉस्टच्या दोन्ही चालतील अशा. डाव्या बाजूची एक मात्र सगळ्यात पातळ पातही, ०.०५ मिलिमीटरची, आत घेईना. मी पात पुसली, पुन्हा लावली, पुन्हा तेच. कॅम आणि बकेट एकमेकांना जवळजवळ चिकटलेले. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह अजून लांब होते, म्हणजे ती धड बंदच होत नव्हती. कॉम्प्रेशन तिथून गळत होतं, आणि सीटला टेकून थंड व्हायची संधीच नसल्यामुळे व्हॉल्व्ह भाजत होती. खूप वाईट वाटलं. इतके दिवस मी गाडीला सायलेन्सरच्या गोष्टी सांगत होते आणि तिचं दुखणं भलतंच होतं.

व्हॉल्व्ह वापरानं हळूहळू सीटमध्ये रुतत जाते, म्हणून कॅम-बकेटमधली गॅप वाढत नाही, कमी होते, आणि कमी झालेली गॅप खडखड करत नाही. आवाज येत नाही म्हणून सगळं ठीक, हा समज इथंच दगा देतो. कॅमशाफ्ट उचलली, बकेटखालची शिम, म्हणजे गॅप जुळवायची चकती, मायक्रोमीटरनं मोजली, २.८५ मिलिमीटर. तिच्या जागी २.६० बसवली, गॅप मापात आली. जोडल्यावर टायमिंगच्या, म्हणजे कॅम आणि क्रँकचा मेळ दाखवणाऱ्या, खुणा दोनदा तपासल्या आणि स्टार्टर मारायच्या आधी क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवून बघितली. हे दोन फेरे कधीही चुकवू नकोस. टायमिंग चुकलं असेल तर पान्याला अडथळा जाणवतो, स्टार्टरला जाणवत नाही.

त्यानंतर गाडी नऊ हजारांच्या वर जशी उघडली, तशी मी घेतली त्या दिवशीही उघडली नव्हती.

पिकअपसाठी आणखी एक सोपी गोष्ट केली, तिनं इंजिनाची ताकद वाढत नाही हे मुद्दाम सांगते. पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, १४ दातांचं होतं, १३ चं लावलं. मागचं ४२ चंच. रेशो ३.०० वरून ३.२३, म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये मागच्या चाकाला साडेसात-आठ टक्के जास्त जोर. त्याच वेगाला फेरे तेवढेच वाढतात, लांबच्या रस्त्यावर इंजिन जास्त ओरडतं, आणि लहान स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकत असल्यानं दोन्ही लवकर झिजतात. मला वळणावळणाचे चढ आवडतात, मला हा सौदा पटला. तू रोज हायवेला असशील तर नको करू. लावलंस तर चेन ढिली पडेल, चाक मागे घेऊन ताण पुन्हा लाव. स्पीडचा सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर मीटर खरा वेग दाखवणार नाही, तेही ध्यानात ठेव.

इरिडियम प्लगनं पॉवर येत नाही, तो फक्त जास्त टिकतो. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल इंजिनाला गरज असेल तरच उपयोगाचं. आणि एअरबॉक्स, म्हणजे फिल्टरचा डबा, काढून टाकून सुटे पॉड फिल्टर लावायचं खूळ डोक्यात आणू नको. तो डबा रिकामा दिसतो, पण त्याची मापं इंजिनाच्या श्वासाच्या लयीला धरून ठरवलेली असतात, तो काढला की मधल्या फेऱ्यांची ताकद जाते. उलट हवा कुठून येते ते बघ. तापमान दहा अंशांनी वाढलं की हवा तीनेक टक्क्यांनी विरळ होते आणि ताकदही घटते. एअरबॉक्सची तोंडं पिशवी, चिंधी, सीटखालच्या सामानानं अडलेली नाहीत ना, इतकं पाहिलंस तरी पुष्कळ.

तुझी गाडी किती चाललीय आणि टॅपेट शेवटचे कधी उघडले, हे आधीच्या मालकाला विचारून घे. सांगता आलं नाही तर येत्या रविवारी फीलर गेज घेऊन मी येते. शनिवारी रात्रीपासून गाडी सुरू करू नको.