उलट बाजू

भाचीने ट्रेकसाठी नवा मग घेतला. पांढरा, काठाला निळी रेघ, एनॅमलचा. आमच्या लहानपणी असले मग दवाखान्यात, नाहीतर न्हाणीघरात असायचे. आता ते खोक्यात कागदाच्या गादीवर झोपून घरपोच येतात आणि किंमत ऐकून आपल्याला आडवं व्हावंसं वाटतं. ती कौतुकाने दाखवत होती, तर मी तो हातात घेऊन आधी उलटा केला.

"मावशी, तू प्रत्येक गोष्ट उलटी करून का बघतेस गं?"

बघते खरी. साडी म्हटली की पदराची मागची बाजू, भरतकाम म्हटलं की गाठी, बशी म्हटली की तिचं बूड. लोकांकडे जेवायला गेल्यावर ताट वाढलेलं असतं म्हणून वाचतं, एवढंच.

या खोडीचं मूळ शोधायचं तर इंदूरच्या मामीकडे जावं लागेल. आमच्याकडे लग्नकार्यात सगळ्याजणी ठुशी, मोहनमाळ, पाटल्या अशा नेमस्त सोन्यात. मामी मात्र कुंदनाचा भरगच्च हार घालून यायची. बायकांचं त्या हारावर जे काही मत होतं ते स्वयंपाकघरातच राहायचं. असंच एकदा कार्य उरकल्यावर तिने तो हार काढून सतरंजीवर ठेवला, पालथा. मागे लाल फुलं, हिरवी पानं, आणि मध्ये चक्क दोन पोपट! पुढच्या खड्यांपेक्षा मला मागचंच जास्त आवडलं. मी उचलून विचारलं, "मामी, हे मागे कशाला? दिसत तर कुणालाच नाही."

मामी म्हणाली, "ठेव खाली. टवका उडेल."

पुढे कळलं की कुंदनाच्या दागिन्याला मागून मीना, म्हणजे भाचीच्या मगावर असतं तेच एनॅमल, वितळवून बसवलेली रंगीत काच, द्यायची रीतच आहे. मऊ सोनं अंगावर घासून झिजू नये, हाही त्यातला हिशेब. आणि साहेबाच्या देशातले मीनाकारही पत्र्याला मागून थर देतात, पण त्यांचं कारण वेगळं. काचेची पूड पाण्यात धुऊन, ओलीच तांब्यावर पसरायची, वाळवायची, आणि आठशे अंशांच्या आसपास तापलेल्या भट्टीत दोन-तीन मिनिटं ठेवायची. बाहेर काढल्यावर तांबं आणि काच दोघंही आक्रसतात, पण सारखे नाही. मग पत्रा वाकतो, काच तडकते. म्हणून मागच्या बाजूलाही तसाच थर. पुढचं चित्र टिकतं ते या मागच्या, कुणी न पाहिलेल्या काचेच्या जिवावर.

हे सगळं मला एका चित्रकार बाईच्या नादाने वाचावं लागलं. फीबी ॲना ट्रॅक्वेअर. जन्म डब्लिनजवळ, १८५२चा, संसार स्कॉटलंडमध्ये, एडिंबरात. नवरा रॅम्से ट्रॅक्वेअर जीवाश्मांचा अभ्यासक, तिथल्या संग्रहालयात मोठ्या हुद्द्यावर. त्याचा विषय मासे. कोट्यवधी वर्षांपूर्वी दगड झालेले मासे! त्याच्या शोधनिबंधांसाठी ते मासे काढायचे कुणी, तर बायकोने. लग्नाआधीपासूनच काढत होती, म्हणजे ओळखच त्यातून झालेली. पुढे किती वर्षं ती एकेक खवला, एकेक पर मोजून काढत राहिली. निबंध त्याच्या नावाचा, हे सांगायला नकोच.

याच बाईने एडिंबरातल्या मॅन्सफील्ड प्लेसच्या चर्चच्या भिंती १८९३ ते १९०१ अशा रंगवल्या. शिडीवर चढून, परांचीवर बसून. आणि ते काम संपतं न संपतं तोच, एकोणपन्नासाव्या वर्षी, मीनाकाम शिकायला बसली. शिकवणारी लेडी गिब्सन कारमायकेल. (हिचाच नवरा पुढे १९१२ साली बंगालचा पहिला गव्हर्नर होऊन कलकत्त्याला आला. ही नावं अशी कुठे कुठे भेटतात!) कालपर्यंत जिला भिंत पुरत नव्हती ती आता रुपयाएवढ्या तांब्यावर देवदूत बसवू लागली. काचेच्या खाली चांदी-सोन्याच्या वर्खाचे कपटे ठेवायचे, म्हणजे उजेड आत जाऊन परत येतो. लॉकेटं, पेले, तीन पाखांच्या देव्हारेवजा चौकटी. तिथल्याच सेंट जाइल्स चर्चमधल्या थिसल चॅपेलमध्ये सरदारांच्या आसनांमागे त्यांच्या कुलचिन्हांच्या मीनाकारी पाट्या आहेत, १९११च्या, त्याही तिच्याच.

आता माझा एक सिद्धांत. याला पुरावा काही नाही, आणि घरी तो कुणी ऐकून घेत नाही म्हणून इथे मांडते. ट्रॅक्वेअरसाहेबांचे लाडके जे मासे, त्यांच्या खवल्यांवर आपल्या दातांवर असतो तसला एक कठीण, चकचकीत थर असतो. दगडात गाडला गेला तरी त्याची झिलई जात नाही. म्हणजे पंचविसाहून जास्त वर्षं ही बाई नवऱ्याच्या टेबलाशी बसून निसर्गाचं मीनाकामच उतरवून काढत होती. मग भट्टीपाशी तिला नवखं वाटलं असेल का? लोक म्हणतात, पन्नाशीला येऊन नवं काही शिकली. मला वाटतं, जुनंच काहीतरी शेवटी स्वतःच्या नावावर करून घेतलं. रॉयल स्कॉटिश अकादमीने १९०० साली तिला नाकारलं आणि १९२० साली मानद सभासद केलं, तो मान मिळालेली पहिली बाई म्हणून. तेव्हा ती अडुसष्ट वर्षांची होती. या विलंबावर मला बोलायचं होतं पुष्कळ, पण अकादम्यांवर राग काढून आजवर कुणाचं भलं झालंय?

तिचं पहिलं मोठं काम मात्र मीन्याचं नव्हे. ते मिळालं १८८५ साली, पॅट्रिक गेडिसच्या मंडळाकडून. हाच गेडिस पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला, आणि त्याआधी होळकर दरबारासाठी त्याने इंदूरच्या नगररचनेचा मोठा अहवाल लिहिला. मामीच्या माहेरच्या गल्लीतूनही तो चालत गेला असेल, कुणी सांगावं.

तर ते काम. मुलांच्या इस्पितळातली एक लहानशी खोली तिला रंगवायची होती. आत प्रार्थनेची जागा करायची होती. त्या इस्पितळात मूल दगावलं की माती देईपर्यंत त्याला तिथे ठेवत, आणि आईबाप तिथे येत. भिंतींवर तिने आया आणि मुलं काढली, पंखवाले देवदूत काढले, लाल आणि सोनेरी रंगात. इस्पितळ दुसरीकडे हललं तेव्हा त्यातलं जेवढं नेता आलं तेवढं नेऊन तिने नव्या खोलीत पुन्हा रंगवलं.

पहिल्यांदा रंगवलं तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती. घरी स्वतःची तीन मुलं, धाकटी जेमतेम शाळेच्या वयाची.