खव्याच्या पोटातली ऊब

दूध रटरटा उकळून, आटून त्याचा घट्ट गोळा झाला की त्यात कोणताही जंतू उरत नाही, अशी आमच्या सीमाभागात खवा करणाऱ्यांची आणि खाणाऱ्यांचीही खात्री असते. ती बऱ्याच अंशी खरी आहे. साल्मोनेला, ई. कोलाय, लिस्टेरिया यांसारख्या जिवाणूंपासून दूध सुरक्षित करण्यासाठी पाश्चरीकरणात ७२ अंश सेल्सिअसवर १५ सेकंद पुरतात, आणि खव्याची कढई त्याहून कितीतरी जास्त तापते. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे मात्र तसे नाही. माती, वैरण आणि शेण यांतून तो सडांवाटे व भांड्यांवाटे दुधात उतरतो आणि परिस्थिती प्रतिकूल झाली की बीजाणूचे, म्हणजे निद्रिस्त पण टणक असे, रूप घेतो. बीजाणूच्या गाभ्यात पाणी फार थोडे असते व भोवती कठीण आवरणांचे थर असतात. त्यामुळे उकळत्या दुधातूनही काही बीजाणू जिवंत बाहेर पडतात, आणि त्या उष्णतेनेच ते रुजायला तयार होतात. कढईपासून बेळगावातील कुंदा-पेढ्यांच्या दुकानापर्यंत या बीजाणूंचे काय होते, हा माझ्या पोस्ट-डॉक्टरल संशोधनाचा विषय आहे.

श्रावणातील एका पहाटे मी खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पट्ट्यातील एका वाडीवर नमुने घेण्यासाठी गेले होते. गणपती तोंडावर आले की खव्याची मागणी चढते, म्हणून दोन्ही चुलींवर कढया चढलेल्या होत्या. म्हशीचे साधारण पाच लिटर दूध आटवावे तेव्हा किलोभर खवा हाती येतो, आणि तेवढा वेळ उलथणे थांबवून चालत नाही. भट्टी सांभाळणाऱ्या अक्कांनी माझ्या निर्जंतुक पिशव्या आणि चमचे पाहून विचारले, “एवढ्या जाळावरनं उतरलेल्यात जंतू कुठला ऱ्हातोय ओ मॅडम?” बीजाणूंविषयी मी त्यांना सांगितले, त्यांनी ते लक्षपूर्वक ऐकले, पण हात थांबवला नाही.

कढईतून काढलेला खवा थापून त्याचा मोठा गोळा करण्यात आला. तो फडक्यात बांधून बुट्टीत ठेवला आणि पावसाची झड आत येत असल्याने बुट्टी चुलीच्या उबेला सरकवली. त्यांच्या दृष्टीने ही काळजीच होती: खवा भिजू नये, त्यावर माशी बसू नये. मी अक्कांच्या संमतीने त्या गोळ्याच्या मध्यभागी एक आणि पृष्ठभागाजवळ एक असे तापमान नोंदवणारे बारीक संवेदक खोचले. दुपारी तीच बुट्टी टेम्पोतून बेळगावला निघाली आणि मीही तिच्याबरोबर निघाले.

संध्याकाळी बाजारात गोळा सोडला तेव्हा त्याची बाहेरची बाजू हाताला थंड लागत होती. मधल्या संवेदकाची नोंद संगणकावर उघडली, आणि त्या आलेखाने मला खुर्चीत खिळवून ठेवले. पृष्ठभाग दोन तासांत खोलीच्या तापमानाला आला होता; मध्यभाग मात्र दुपार उलटून गेल्यावरही ४० अंशांच्या आसपास रेंगाळत होता. बॅसिलस सिरियसला भरभर वाढायला ३० ते ४० अंशांची ऊब मानवते. शिवाय उकळीने त्याचे बहुतेक स्पर्धक आधीच मारलेले असतात.

ऑस्लोमध्ये १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुमारे ६०० जणांना व्हॅनिला सॉसमधून बाधा झाली होती. तो सॉसही नीट शिजवलेला होता; पण आदल्या दिवशी करून मोठ्या भांड्यांत, खोलीच्या तापमानाला ठेवलेला होता. स्टाइनार हाउगे या संशोधकांनी त्यातून हाच बॅसिलस सिरियस वेगळा केला आणि त्याची लागण केलेला सॉस स्वतः पिऊन, आजारी पडून, कारण सिद्ध केले. हा प्रसंग मी विद्यार्थिदशेत वाचला होता, पण मोठ्या भांड्याचा अर्थ मला त्या संध्याकाळी कळला.

पुढे प्रयोगशाळेत पेट्री डिशमध्ये उमटलेल्या जिवाणूंच्या वसाहतींनी हीच गोष्ट दाखवली. कढईतून थेट घेतलेल्या नमुन्यात त्या तुरळक होत्या आणि गोळ्याच्या बाहेरच्या थरातही फारशा वाढलेल्या नव्हत्या. त्याच गोळ्याच्या पोटातल्या नमुन्यात मात्र अंड्याच्या बलकाच्या माध्यमावर, भोवती पांढुरके वलय असलेल्या गुलाबी वसाहतींची दाटी होती. ग्रॅममागे एक लाख जिवाणू ही पातळी सहसा धोक्याची मानली जाते, आणि तो नमुना तिच्याकडे निघाला होता. उलटी घडवणारे या जिवाणूचे विष एकदा अन्नात तयार झाले की पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही, म्हणून मिठाई करताना खवा परत भाजला जातो या भरवशावर राहता येत नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या दंडकानुसार शिजवलेले अन्न २ तासांत ५७ वरून २१ अंशांवर आणि एकूण ६ तासांत ५ अंशांवर यायला हवे. शीतगृह असलेल्या स्वयंपाकघराला ते जमेल. वीज कधी जाईल याचा नेम नसलेल्या वाडीवर तो दंडक वाचून दाखवण्यात काही अर्थ नाही. थर पातळ करणे मात्र तिथेही शक्य आहे. स्टीलच्या ताटांत दोन बोटे जाडीचा थर पसरला, तर मधली ऊब फार लवकर उतरते.

हे मी सांगायला गेले तेव्हा अक्कांनी अडचण नेमकी सांगितली: “पसरून ठेवलं की पाणी उडतंय, वजन घटतंय. त्या वजनाचे पैसे कोण देणार?” खवा किलोवर विकला जातो आणि वरून सुकलेला दिसला तर व्यापारी भाव पाडतो. म्हणजे माझ्या सल्ल्याचा खर्च, खाणाऱ्याच्या तब्येतीसाठी, भट्टीवर राबणाऱ्या बाईने सोसायचा होता. माझ्या मते हे अन्यायाचे आहे, आणि प्रयोगशाळेतील कोणताही आकडा त्यावर पांघरूण घालू शकत नाही.

आता आम्ही दोघी मिळून ताटांतला खवा थंड होण्याआधी आणि झाल्यानंतर तोलतो आहोत. घट किती येते हे ठरले की तेवढा भाव किलोमागे वाढवून द्यावा, असे आम्ही बेळगावातील तिच्या गिऱ्हाइकांपुढे मांडणार आहोत. त्यांपैकी एका मिठाईवाल्याने गणपतीच्या मालासाठी ते मान्यही केले आहे.